जुन्या इमारतींचा फोटोवॉक: बारा जण, सहा थांबे, तीन तास

जुन्या इमारतीसमोर एकट्याने उभं राहणाऱ्याला उजेडाची वाट बघता येते, गटाला ती चैन परवडत नाही. गट पोचला की एक जण थेट पायऱ्या चढतो, दुसरा दारात ठाण मांडतो, तिसरा मागे सरकत सरकत रस्त्यात जातो. ज्याला अख्खा दर्शनी भाग हवा असतो त्याच्या चौकटीत मग नुसत्या पाठी दिसतात. फोटोवॉक (गटाने चालत फिरत फोटो काढायचा कार्यक्रम) बिघडतो तो सहसा कॅमेऱ्यामुळे नाही. कोणी कधी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून बिघडतो. खाली लेन्स-शटरच्या गोष्टी आहेतच, पण बराचसा मजकूर घड्याळाबद्दल आणि जागेबद्दल आहे.

किती जण, किती चाल

एका म्होरक्यामागे आठ ते बारा जण हा आकडा सांभाळता येतो. पंधराच्या वर गेले तर दोन तुकड्या करा आणि दुसरी तुकडी मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. एकामागोमाग सोडल्या तर पहिली रेंगाळते, दुसरी तिला तिसऱ्या थांब्यावर गाठते आणि शेवटी चोवीस जणांचा जमाव एकाच दारासमोर उभा राहतो. पुढे म्होरक्या हवा तसा मागे पिछाडी सांभाळणाराही हवा. त्याचं काम एकच: थांब्यावरून सगळ्यात शेवटी निघायचं. चालताना सतत डोकी मोजत बसावं लागत नाही ते या माणसामुळे.

अंतर दोन ते अडीच किलोमीटर ठेवा. साध्या चालीने हा रस्ता अर्ध्या तासाचा आहे, पण हातात कॅमेरा असलेला माणूस वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक खिडकीपाशी थांबतो, त्यामुळे पाऊण तास धरा. सहा थांबे, प्रत्येकी अठरा ते वीस मिनिटं, म्हणजे दोन तास. सुरुवातीच्या सूचनांना दहा मिनिटं. एकूण तीन तास होतात आणि तिथेच थांबावं. सातवा थांबा घालायचा मोह प्रत्येक आयोजकाला होतो. त्या थांब्यावरचे फोटो पाहिले तर लोक तिथे दमून फक्त हजेरी लावून गेले होते हे कळतं. उलट एखादा राखीव थांबा यादीत जरूर ठेवा, कारण सहापैकी एक इमारत ऐन वेळी बंद निघते किंवा तिच्यावर परांची चढलेली असते.

मार्ग उजेडावरून ठरवा

नकाशावर इमारती जवळजवळ आहेत म्हणून क्रम लावला की मार्ग फसतो. आधी प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग कोणत्या दिशेला आहे ते लिहून काढा. पूर्वाभिमुख असेल तर सकाळ, पश्चिमाभिमुख असेल तर संध्याकाळ, हे सरळ आहे. उत्तर गोलार्धात उत्तराभिमुख भिंतीवर वर्षातला बराच काळ थेट ऊन पडतच नाही. अशी इमारत मधल्या कडक उन्हाच्या वेळेला टाका, तिच्यावर दिवसभर सारखाच मऊ उजेड असतो. फक्त आकाश पांढरं फटक येऊ नये म्हणून चौकटीत आकाश कमी घ्या. दक्षिण गोलार्धात हाच हिशोब दक्षिणाभिमुख भिंतीला लागू होतो.

अरुंद गल्लीत दिशा बरोबर असूनही ऊन मिळत नाही, कारण समोरच्या इमारतीची सावली पडते. त्याचं गणित सोपं आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली इमारतीच्या उंचीएवढी पडते. ३० अंशांवर जवळपास पावणेदोन पट. गल्ली १० मीटर रुंद, समोरची इमारत १२ मीटर उंच आणि सूर्य तिच्या बरोबर मागे ३० अंशांवर असेल, तर तुमच्या इमारतीचा खालचा सुमारे ६ मीटरचा भाग सावलीत राहतो. म्हणजे दरवाजा अंधारात आणि वरचा सज्जा उन्हात. दोन्ही एका फोटोत नीट येणं अवघड. अशा ठिकाणी एक तर तासाभराने या, नाहीतर फक्त वरचा मजला टिपा.

कोरीवकामाला समोरून पडणारं ऊन मारक असतं. नक्षी उठते ती भिंतीला जवळजवळ घासून जाणाऱ्या तिरक्या उजेडात. पूर्वाभिमुख भिंत सकाळी आठला सपाट दिसते आणि साडेअकराच्या सुमारास, ऊन तिच्यावरून सरकत जाताना, तिच्यावरची प्रत्येक कंगोरी दिसू लागते. त्यामुळे ‘सकाळीच जायचं’ हा नियम अख्ख्या इमारतीसाठी ठीक आहे, नक्षीसाठी नाही.

सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड किती टिकतो हे ठिकाणावर अवलंबून आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य तासाला १५ अंश जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणजे शेवटचे ६ अंश उतरायला त्याला सुमारे २४ मिनिटं लागतात. ५० अक्षांशावर, दिवस-रात्र समान असताना, त्यालाच ३७ मिनिटांच्या आसपास लागतात. थोडक्यात, विषुववृत्ताजवळच्या शहरात सोनेरी उजेडात एकच थांबा बसतो, दोन बसवू नका. सूर्यास्तानंतर आकाश गडद निळं होतं आणि इमारतींवरचे दिवे लागलेले असतात, तो काळ शेवटच्या थांब्यासाठी राखा. दिवे आणि आकाश यांचा उजेड सारखा होतो ती वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची असते. त्याआधीच जागा धरून उभं राहावं लागतं.

ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. बर्न्ट आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने औद्योगिक वास्तूंचे फोटो मुद्दाम ढगाळ उजेडात आणि समोरून काढले, कारण सावल्यांचा अडथळा नसला की रचना स्पष्ट दिसते. ढग असतील तर मार्ग तोच ठेवा, फक्त दूरचे फोटो कमी आणि दारं, खांब, फरश्या जास्त असा बदल करा.

आधी एकदा फिरून या

पाहणी ज्या वारी आणि ज्या वेळी फोटोवॉक आहे त्याच वारी, त्याच वेळी करा. मंगळवारी शांत असलेला चौक रविवारी बाजाराने भरलेला असू शकतो. पाहणीत प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी टिपा: बारा जण उभे राहतील अशी वाहतुकीबाहेरची जागा कुठे आहे, ऊन कुठून येतं, उभी वाहनं आणि तारा कुठे आड येतात, आणि दाराशी असलेल्या पाटीवर काय लिहिलंय. पाटीचाच एक फोटो काढून ठेवा. फोटोला मनाई, फक्त फ्लॅशला मनाई आणि फक्त ट्रायपॉडला मनाई या तीन वेगळ्या मनाया आहेत आणि गटातला कोणीतरी हटकून विचारतोच. स्वच्छतागृह कुठे आहे हेही बघा. तिसऱ्या थांब्याच्या जवळपास ते नसेल तर मार्ग बदला.

परवानगीचं म्हणाल तर सार्वजनिक रस्त्यावरून हातात कॅमेरा धरून इमारतीचा फोटो काढणं बहुतेक ठिकाणी अडत नाही. अडतं ते ट्रायपॉड मांडल्यावर, गट मोठा असल्यावर, आवारात शिरल्यावर आणि ड्रोन काढल्यावर. लष्करी इमारती, दूतावास, न्यायालयं, तुरुंग यांच्यापासून कॅमेरा लांब ठेवा, इमारत कितीही देखणी असली तरी. प्रार्थनास्थळं मार्गात असतील तर प्रार्थनेच्या वेळा, कपड्यांचे आणि पादत्राणांचे नियम आधी विचारा आणि आतल्या माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. परवानगी लेखी असेल तर तिची छापील प्रत म्होरक्याजवळ आणि दुसरी पिछाडीवाल्याजवळ ठेवा. रखवालदार नेमका मागे रेंगाळलेल्यालाच अडवतो.

फोटो पुढे विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर त्या देशाचा कायदा वेगळा पाहावा लागतो. इमारत जुनी आहे एवढ्याने भागत नाही. आयफेल टॉवरचं उदाहरण नेहमी दिलं जातं: गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले, त्यामुळे टॉवरच्या रचनेवर आता स्वामित्वहक्क नाही आणि दिवसाचा फोटो कुणीही कसाही वापरावा. पण त्यावरची रात्रीची रोषणाई १९८५ ची आहे, तिच्यावर हक्क आहे, आणि व्यावसायिक वापराला परवानगी लागते.

कोणी काय आणायचं

आदल्या दिवशीच्या निरोपात लांबलचक यादी पाठवू नका, कोणी वाचत नाही. एक कॅमेरा किंवा फोन, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि एक जादा बॅटरी किंवा पॉवर बँक, रिकामं मेमरी कार्ड, पाणी, टोपी, वापरून रुळलेले बूट. नवे बूट घालून आलेला माणूस चौथ्या थांब्यावर बसतो.

लेन्सच्या बाबतीत एकच सल्ला: दोनपेक्षा जास्त आणू नका. २४ ते ७० मिलिमीटरची झूम लेन्स (आकडा लहान तितका देखावा रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ) एकटीच बहुतेक कामं करते. दुसरी आणायचीच तर ७० ते २०० आणा. नवखे लोक अतिरुंद कोनाच्या मागे असतात, पण जुन्या इमारतींचं बरंच वैभव छपराजवळ असतं आणि तिथपर्यंत लांब लेन्सच पोचते. फोनवाल्यांनी अतिरुंद लेन्स शक्यतो टाळावी. कडेचे खांब ताणले जातात आणि बहुतेक फोनमध्ये त्या लेन्समागचा, उजेड टिपणारा सेन्सर मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा लहान असल्याने अंधारात फोटो खरखरीत येतो.

ट्रायपॉड दिवसाच्या फोटोवॉकला नको. बारा ट्रायपॉड म्हणजे छत्तीस पाय, आणि पदपथावर कोणी ना कोणी त्यात अडकतो. संध्याकाळच्या शेवटच्या थांब्यासाठी दोन-तीन आणले आणि पाळीपाळीने वापरले तरी पुरतात.

पहिली दहा मिनिटं

सगळे जमले की म्होरक्याने आपल्या फोनवर सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ उघडावं आणि प्रत्येकाने त्याचा एक फोटो काढावा. बारा कॅमेऱ्यांची घड्याळं बारा वेळा दाखवतात. नंतर सगळे फोटो एकत्र करताना या एका फोटोवरून फरक काढून सगळ्यांच्या वेळा जुळवता येतात. नाहीतर कोणती कमान कोणत्या इमारतीची यावर वाद होतात.

मग कॅमेरे लावून घ्या. दिवसा बाहेर: अॅपर्चर प्राधान्य (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), एफ/८ (छिद्राचा आकार; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १०० किंवा २००, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद), पडद्यावर जाळी आणि पातळी-दर्शक चालू. एफ/८ च का, तर बहुतेक लेन्स तिथे कडेपर्यंत स्वच्छ असतात आणि जवळपासून दूरपर्यंतची स्पष्टताही पुरेशी मिळते: फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स एफ/८ ला अडीच मीटरवर फोकस केली तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. समोर कमान आणि मागे घुमट असा फोटो यातून होतो. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच किंचित मऊ होतं. फोनवर जाळी चालू करायची, लेन्स कापडाने पुसायची आणि इमारतीच्या उजळ भागावर बोट दाबून फोकस व एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) पक्कं करायचं. खिशातून निघालेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो आणि उन्हाच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो त्यामुळे धुरकट दिसतो. ही तक्रार सेटिंगमध्ये शोधत बसू नये.

एक थांबा, मिनिटागणिक

सगळ्या आखणीचं सार इथे आहे. पोचल्यावर म्होरक्याने वेळ सांगायची: “नऊ दहा झालेत, साडेनऊला निघायचं.” नुसतं ‘वीस मिनिटं’ सांगितलं तर प्रत्येकाची वीस मिनिटं वेगळी सुरू होतात.

पहिली तीन मिनिटं कॅमेरा खाली. इमारत कधीची, कशाची, आधी काय होती आणि आता काय आहे, एवढं सांगून थांबा. व्याख्यान नको. बोलताना म्होरक्याची पाठ इमारतीकडे आणि गटाची रस्त्याकडे असेल तर मागून येणारं वाहन दिसायला पिछाडीवाला रस्त्याकडे तोंड करून उभा हवा.

पुढची सात मिनिटं सगळे मागे. रस्त्याच्या पलीकडची एक रेषा ठरवायची आणि तिच्यापुढे कोणी जायचं नाही. या वेळात अख्ख्या इमारतीचे फोटो होतात आणि कोणाच्याही चौकटीत गटातलं कोणी येत नाही. वेळ संपली की म्होरक्या हात वर करतो आणि मग आठ मिनिटं सगळे पुढे: दार, खांब, जिना, कडी-कोयंडे. आता मागे जाऊन पूर्ण इमारत टिपायची नाही. दूर आधी, जवळ नंतर. या एका नियमाने अर्धी भांडणं मिटतात. पहिल्या थांब्यावर लोक कुरकुरतात, तिसऱ्यावर स्वतःच पाळतात.

शेवटची दोन मिनिटं डोकी मोजायची आणि पुढचा टप्पा सांगायचा.

दुसरी अडचण म्हणजे सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात. एकाने वाकून पायऱ्यांवरून फोटो घेतला की बाकीचे रांग लावतात. यावर चिठ्ठ्या हा जुना पण चांगला उपाय आहे. प्रत्येकाने सुरुवातीला एक चिठ्ठी उचलायची आणि सगळ्या थांब्यांवर त्या विषयाचा किमान एक फोटो द्यायचा: सावल्या, दुरुस्तीच्या खुणा, अक्षरं आणि शिलालेख, पाण्याचे पन्हाळे, छपराची रेघ, इमारतीत आज काम करणारी माणसं, जिने, जुन्या-नव्याची सांधेजोड. काम वाटून घेण्याची ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. १८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना इमारतींच्या याद्या आणि मार्ग वाटून देऊन देशभर पाठवलं होतं. गुस्ताव्ह ल ग्रे आणि एदुआर बाल्दूस त्यांच्यातलेच.

उभ्या रेषा उभ्याच राहाव्यात

कॅमेरा वर झुकवला की इमारत मागे कलल्यासारखी दिसते आणि भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. कारण सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. उपाय म्हणजे कॅमेरा सरळ धरणं आणि इमारत मावेल इतकं मागे जाणं. किती मागे, हे आधीच काढता येतं. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिलिमीटर लेन्स आणि उभी चौकट असेल तर इमारतीच्या उंचीतून डोळ्याची उंची वजा करा आणि पाऊणने भागा. १५ मीटर उंच इमारत आणि दीड मीटरवर कॅमेरा असेल तर १३.५ भागिले ०.७५, म्हणजे १८ मीटर. ३५ मिलिमीटरला हेच अंतर सव्वीस मीटरच्या आसपास जातं, ५० ला साडेसदतीस. फोनच्या २४ मिलिमीटर मुख्य कॅमेऱ्याला, चौकटीचा आकार वेगळा असल्याने, एकोणीस मीटर धरा. पाहणीच्या वेळी पावलं मोजून हे अंतर मिळतं का ते बघून ठेवा.

अशा फोटोत खालचा अर्धा भाग रस्ताच असतो. तो नंतर कापायचा, किंवा ओली फरशी, झाडाची सावली असं काही शोधून तो भरायचा. जागाच नसेल तर समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जायला मिळतं का बघा. मध्यम उंचीवरून सरळ समोर काढलेला फोटो सगळ्यात नैसर्गिक दिसतो. शिफ्ट लेन्स असलेला माणूस हेच काम लेन्स वर सरकवून करतो. जुन्या पॅरिसचे फोटो काढणारा यूजेन आत्गेही तेच करायचा. त्याच्या काही फोटोंचे वरचे कोपरे काळे दिसतात, कारण लेन्स इतकी वर सरकवलेली असे की तिच्या प्रतिमेचं वर्तुळ काचपट्टीला पुरत नसे.

यातलं काहीच जमत नसेल तर कॅमेरा झुकवा, पण चारही बाजूंनी दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडा. संगणकावर रेषा सरळ करताना चित्राचे खालचे कोपरे रिकामे पडतात, म्हणून कडा कापाव्या लागतात, आणि कळस चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेला असेल तर तोही जातो. सॉफ्टवेअरमध्ये आधी लेन्सची वक्रता दुरुस्त करा, मग उभ्या रेषा. पूर्ण सरळ केल्यावर उंच मनोरा वर रुंद झाल्यासारखा भासतो, म्हणून थोडासा कल राहू द्या. आणि झुकवायचाच असेल तर चांगला भरपूर झुकवा. दोन-तीन अंशांचा कल चूक वाटते, चाळीस अंशांचा कल निर्णय वाटतो.

इमारतीच्या आत

आत गेल्यावर तीन गोष्टी बदलतात. उजेड कमी होतो, दिव्यांचे रंग मिसळतात आणि ट्रायपॉड चालत नाही. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. खरखर नंतर कमी करता येते, हललेला फोटो सुधारत नाही. हातात धरून किमान शटर किती, याचा ढोबळ नियम म्हणजे एक भागिले लेन्सची फोकल लांबी (तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा): ५० मिलिमीटरला १/५० किंवा १/६० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या आकड्याला दीडने गुणा. खांबाला खांदा टेकवला, कोपर छातीशी घेतलं आणि दोन सेकंदांचा टायमर लावला तर आणखी एक-दोन स्टॉप खाली, म्हणजे मंद शटरवर, जाता येतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). खांब नक्षीदार किंवा रंगवलेला असेल तर त्याला टेकायचं नाही. घामाने आणि घासण्याने रंग जातो, आणि बारा खांदे म्हणजे बारा वेळा.

दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०.

रंगीत काचेची खिडकी आणि अंधारं दालन एका फोटोत घ्यायचं असेल तर कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटिंगने नंतर एकत्र करायला तीन फोटो घ्या: दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त. एकच घ्यायचा तर खिडकीवरून एक्स्पोजर ठरवा. रॉ फाइलमधला अंधार उजळता येतो, पांढरी झालेली काच परत येत नाही. थंड दालनातून दमट उकाड्यात बाहेर पडलं की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं द्या. कापडाने पुसलं तरी क्षणात पुन्हा धरते.

माणसं आड येतात तेव्हा

गर्दी पुसून टाकायचे दोन मार्ग आहेत. ट्रायपॉड आणि दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) असेल तर उजेड सुमारे हजारपट कमी होतो आणि १/६० चं शटर सोळा-सतरा सेकंदांवर जातं. चालणारी माणसं विरून जातात. फिल्टर नसेल तर कॅमेरा न हलवता वीस-तीस सेकंदांच्या अंतराने दहा-पंधरा फोटो घ्या आणि संगणकावर त्यांचा मध्यक काढा, म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूला सगळ्या फोटोंतलं मधलं मूल्य घ्या. एखाद्या जागी माणूस निम्म्यापेक्षा कमी फोटोंत असेल तर तो नाहीसा होतो. बाकावर बसलेला मात्र दोन्ही पद्धतींत तसाच राहतो. छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये सगळी वाहतूक विरून गेली. राहिला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक जण.

अर्थात प्रत्येक फोटोतून माणूस हाकलायची गरज नसते. दारात उभा असलेला एक माणूस दाराची उंची जितकी पटकन सांगतो तितकी कुठलीच मोजपट्टी सांगत नाही.

भिंत जवळून पाहा

जवळच्या फोटोंच्या आठ मिनिटांत लोक दाराच्या कड्या टिपतात आणि थकतात. भिंतीकडे वळा. बऱ्याच जुन्या भिंतींवर ठरावीक अंतरावर ओळीने चौकोनी भोकं दिसतात. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं त्यात खोचलेली असत, आणि त्यांच्या ओळींवरून भिंत किती टप्प्यांत वर चढली ते कळतं. समोरून पडलेल्या उन्हात ती दिसतही नाहीत, तिरक्या उन्हात प्रत्येकाला सावलीची कड येते. दगडाचा रंग अचानक बदलत असेल तर तिथे दुरुस्ती आहे किंवा मजला नंतर चढवलाय. दगडावर तांबूस ओघळ असेल तर आत लोखंडी पट्टी गंजते आहे. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगडाची कपची उडवतं. ती कपचीही तिथेच सापडेल. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, पण बुजलेल्या दाराच्या पायरीची झीज भिंतीच्या आत गेलेली दिसते. असा फोटो घेताना भिंतीचा थोडा आजूबाजूचा भागही घ्या, नाहीतर नंतर तो कुठला तुकडा हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

घरी गेल्यावर

प्रत्येकाकडे दीडदोनशे फोटो असतात. ते सगळे गटावर टाकायचे नाहीत. प्रत्येकाने पाच निवडावेत: एक पूर्ण इमारत, एक चिठ्ठीचा विषय, एक जवळचा तपशील आणि दोन मनासारखे. मुदत तीन दिवस. आठवडा दिला तर निम्म्यांचे येतच नाहीत. एकत्र बसून पाहायचं असेल तर एका फोटोला एक मिनिट पुरे, म्हणजे बारा जणांचे साठ फोटो तासाभरात होतात. फोटो काढणाऱ्याने आधी बोलायचं नाही, बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं.

फाइलच्या नावात तारीख, इमारतीचं नाव, दिशा आणि काढणाऱ्याची आद्याक्षरं असू द्यात. ‘उत्तर बाजू’ एवढे दोन शब्द दहा वर्षांनी, ती बाजू गिलाव्याखाली गेल्यावर, उपयोगी पडतात. मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोटो खुल्या परवान्याने द्यायची तयारी असेल तर ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि आता अनेक देशांत होते, सहसा सप्टेंबरमध्ये. तिथे फोटोसोबत त्या वास्तूची अधिकृत नोंद जोडावी लागते, म्हणून नोंदींचे क्रमांक पाहणीच्या वेळीच टिपून ठेवा. रखवालदाराने किंवा कार्यालयाने आत जाऊ दिलं असेल तर त्यांना दोन-तीन चांगले फोटो पाठवा, मोठ्या आकारात आणि नावाची पट्टी न घालता.